बिनतारी तारांबळ

जुलै 2013 मध्ये दहा दिवसांच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. 14 तारखेला भारतातल्या शेवटच्या तारा स्वीकारल्या गेल्या आणि दीडशेहून अधिक वर्षं चाललेली सेवा बंद झाली. वर्तमानपत्रांनी हळहळ व्यक्त केली, आणि ज्यांनी जन्मात कुणाला तार केली नव्हती अशी मंडळीही आठवण म्हणून एकेक तार ठोकायला रांगेत उभी राहिली. 24 तारखेला अमेरिकेत क्रोमकास्ट नावाची 35 डॉलरची, अंगठ्याएवढी कांडी बाजारात आली. ती टीव्हीच्या पाठीत खोचायची, की हातातल्या फोनवरचं किंवा मांडीवरच्या लॅपटॉपवरचं चित्र तारेविना टीव्हीवर दिसणार. म्हणजे एक तार गेली म्हणून सुतक आणि दुसरी जाणार म्हणून पेढे. आमच्या मते दोन्ही भावना चुकल्या. तार गेली तरी तिचं काम जात नाही. ते कुणाच्या तरी अंगावर पडतं, आणि घरातला संगणक घरातल्याच टीव्हीला जोडायचा असेल तर ज्याच्या अंगावर पडतं तो माणूस बहुधा त्या वेळी नुकताच जेवायला बसलेला असतो.

नियम साधा आहे: जिथे तार संपते तिथे माणूस सुरू होतो. टेलिग्राफची तार तालुक्याच्या पोस्टापर्यंत यायची. तिथून घरापर्यंत तार नव्हती, म्हणून सायकलवर तारवाला होता. दूरदर्शनचंही तेच. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं आणि पुढे पुणेकरांना त्याचे कार्यक्रम सिंहगडावरून मिळू लागले. सिंहगड ते गच्ची हा प्रवास बिनतारी, आणि गच्ची ते टीव्ही हा चपट्या वायरीचा. या दोन टप्प्यांपैकी माणूस कुठे उभा असायचा? गच्चीवर. वायरीजवळ पहारा देत कुणी उभं राहिल्याचं ऐकिवात नाही. गच्चीवर थोरला, जिन्यात धाकटा आणि टीव्हीसमोर घरातली सर्वांत चिडकी व्यक्ती, अशी साखळी लागायची. “आलं का?” “आलं... गेलं... मघाशी होतं तिथंच धर!” यातला ‘धर’ शब्द फार महत्त्वाचा. अँटेनाचा दांडा हातात धरून ठेवला की चित्र स्वच्छ यायचं आणि सोडला की मुंग्या, कारण धरणाऱ्याचं शरीरच अँटेनाचा भाग झालेलं असायचं. बातम्या संपेपर्यंत थोरल्याने तसंच उभं राहावं अशी सूचनाही एखाद्या घरात गंभीरपणे मांडली जायची. मग 1991-92 च्या सुमारास स्टार आणि झी आले, केबल थेट खिडकीतून आत शिरली आणि गच्चीवरचा माणूस खाली उतरला. केबलवाला महिन्यातून एकदा पैशांसाठी यायचा, तेवढाच काय तो मनुष्यसंपर्क. तारेने माणसाला सुट्टी दिली ती अशी.

ती सुट्टी आता रद्द झाली आहे. त्याचं कारण समजून घ्यायचं तर घरातला संगणक म्हणजे नक्की काय हे मान्य करायला हवं. तो माळा आहे. पूर्वी माळ्यावर पितळी हंडे, मोडका पाळणा आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे असायचे. आता ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर दोन’ आणि ‘फायनल नवीन खरं’ अशा नावांच्या कप्प्यांत मुंजीच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेली फिल्म आहे, सोसायटीच्या गणपतीतलं नाटक आहे, महाबळेश्वरच्या सहलीचे चारशे फोटो आहेत (त्यांतले तीनशे धुक्याचे). आणि टीव्ही म्हणजे दिवाणखाना. पाहुणे आले की माळ्यावरची एखादी वस्तू खाली काढायची हुक्की येते, तसंच इथेही होतं. आत्या येतात, कुणीतरी म्हणतं, “अगं, मुंजीची फिल्म दाखवू या ना मोठ्या पडद्यावर.” वाक्य बोलायला चार सेकंद लागतात. खऱ्या माळ्यावर चढायचं असतं तेव्हा किमान कुणीतरी स्टूल धरतं. इथे सगळे सोफ्यावर बसून टीव्हीकडे पाहतात आणि मधूनमधून विचारतात, “आलं का?”

येत नाही, कारण तार नसली की दोन यंत्रांना एकमेकांशी बोलावं लागतं. तार बिचारी मुकी. एका टोकात जे घालाल ते दुसऱ्या टोकाला काढून देणार, तुम्ही कोण, कुठले, हे विचारणार नाही. ती काढून घेतल्यावर मात्र ओळख करून देण्यापासून सुरुवात होते. यासाठी 2003 मध्ये सोनी, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, नोकिया अशा मातब्बर घराण्यांनी एकत्र येऊन एक वधूवर सूचक मंडळच काढलं होतं. पुढे ते डीएलएनए या नावाने ओळखलं जाऊ लागलं. कुठल्याही कंपनीचा संगणक आणि कुठल्याही कंपनीचा टीव्ही यांचं घरातल्या घरात जमावं हा उदात्त हेतू. पण चित्रफितींचे कोणते प्रकार सर्वांना समजलेच पाहिजेत याची घरातल्या यंत्रांसाठीची सक्तीची यादी पाहिली तर त्यात डीव्हीडीच्या काळातला एमपेग-2 होता आणि पुढचं बहुतेक सगळं ऐच्छिक. हाउसिंग सोसायटीच्या सभेत बसलेल्या माणसाला याचं आश्चर्य वाटणार नाही. सर्वानुमते ठराव फक्त मागच्या सभेचा वृत्तान्त कायम करण्याचाच होतो. 2017 मध्ये आपलं कार्य सिद्धीस गेल्याचं सांगून हे मंडळ विसर्जित झालं. त्या दिवशीही घरोघरी कुणीतरी रिमोट घेऊन रिकाम्या यादीपुढे बसलेलं असणारच.

ओळख करून देण्याची पद्धत तशी आपल्या ओळखीची आहे. टीव्ही आणि संगणक घरातल्या नेटवर्कवर दवंडी पिटतात: मी अमुक, इथे आहे, माझ्याकडे तमुक मिळेल. ज्याला ऐकू जाईल त्याने ओळख ठेवावी. ऐकू का जात नाही याची कारणं मात्र फार घरगुती असतात. टीव्ही बसवायला आलेल्या मुलाने तो पाहुण्यांसाठीच्या वायफायला जोडून दिलेला असतो आणि संगणक घरच्या वायफायवर असतो, त्यामुळे एका छताखाली राहून दोघांची दोन बिऱ्हाडं. किंवा संगणकाने कधीकाळी विचारलं होतं की हे नेटवर्क खाजगी आहे की सार्वजनिक, आणि घाईत कुणीतरी ‘सार्वजनिक’ दाबलं होतं. तेव्हापासून तो संगणक स्वतःच्याच घरात एसटी स्टँडवर बसल्यासारखा बसलेला आहे, पिशवी मांडीवर घट्ट धरून, शेजारच्याशी चकार शब्द न बोलता. त्याची काही चूक नाही. आपणच त्याला तसं शिकवलं.

ओळख पटली की वाहतूक सुरू होते, आणि इथे लोकांची सर्वांत महागडी समजूत आडवी येते. चित्र अडखळलं की घरातले म्हणतात, इंटरनेटचा प्लॅन वाढवून घ्या. आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत जाणाऱ्या फिल्मला इंटरनेट लागतच नाही. रस्त्यावर खोदकामात केबल तुटलेली असतानाही हा प्रवास होऊ शकतो. स्वयंपाकघरातून ताट बाहेर आणायला महामार्ग रुंद करून काय उपयोग? दोन तासांची साडेपाच जीबीची फिल्म असेल तर सेकंदाला साधारण 6 मेगाबिट एवढाच तिचा वेग, आणि कुठल्याही बऱ्या राउटरला तो जड नाही. पण फिल्म बेडरूममधून सरळ टीव्हीकडे जात नाही. आधी दारापाशी, चपलांच्या रॅकवर बसवलेल्या राउटरकडे जाते आणि तिथून परत टीव्हीकडे येते, म्हणजे तीच हवा दोनदा वापरते. वाटेत काँक्रीटच्या भिंती, लोखंडी कपाट. त्यात वायफायची जुनी, लांब पोचणारी लहर 2.4 गिगाहर्ट्झची, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही नेमका त्याच पट्ट्यात काम करतो. म्हणून मुंजीत मुलगा भिक्षेला निघतो आणि तिथेच थांबतो. आत वरण गरम होत असतं. ‘टुंग’ आवाज झाला की तो पुढे चालू लागतो. पाच गिगाहर्ट्झची लहर वापरली तर वरणाचा त्रास जातो, पण ती भिंतींना लवकर दमते.

आणि समजा पोचलं. मग टीव्ही सांगतो, ‘हा फॉरमॅट चालत नाही.’ पाहणाऱ्याला हा शुद्ध आडमुठेपणा वाटतो, कारण याच प्रकारची दुसरी फाइल काल चालली होती. इथे डबा आणि भाजी यांतला फरक लक्षात घ्यावा लागतो. फाइलच्या नावाच्या शेवटी जे एमकेव्ही किंवा एमपी4 लिहिलेलं असतं तो नुसता डबा. एमकेव्हीचं पूर्ण नाव मात्रोस्का, म्हणजे एकीच्या पोटात एक बसणाऱ्या रशियन बाहुल्यांवरून घेतलेलं, आणि ते अगदी योग्य आहे. आत एका पुडात चित्र, दुसऱ्यात आवाज, तिसऱ्यात उपशीर्षकं. डबा उघडता आला म्हणजे भाजी पचेलच असं नाही. चित्र दाबून भरण्याची एक पद्धत 2003 ची आहे, तिची धाकटी बहीण 2013 ची, आणि 2011 मध्ये घेतलेल्या टीव्हीला धाकटी माहीत असण्याचं कारणच नाही. तेव्हा संगणकाला चालू फिल्मचं जागच्या जागी भाषांतर करावं लागतं. त्याचा पंखा विमान सुटल्यासारखा घोंघावतो, आणि दुभाष्याची दमछाक झाली की वक्ताही थांबतो. आवाजाची तऱ्हा आणखी न्यारी. डीटीएस नावाच्या ध्वनिपद्धतीसाठी परवान्याचे पैसे पडतात, ते वाचवलेल्या टीव्हीवर चित्र लख्ख दिसतं आणि आवाज शून्य. खाली देवनागरी उपशीर्षकं असलीच तर टीव्हीच्या अक्षरसाच्याला जोडाक्षरं जमत नाहीत: ‘विठ्ठल’ मधली पहिली वेलांटी ‘व’ची साथ सोडून ‘ठ’च्या अंगावर जाते, पाय मोडलेला ‘ठ्’ उघड्यावर पडतो, किंवा ओळभर नुसत्या चौकटी उमटतात. 3 मे 1913 रोजी गिरगावात कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तेव्हा चित्रपट मुका होता, पण पाट्या तरी वाचता येत होत्या.

यावर समंजस माणूस म्हणेल की एवढं तारेचं कौतुक आहे तर एचडीएमआयची वायर लावा आणि गप्प बसा. उपाय खरोखर बिनचूक आहे, आणि डिसेंबर 2002 पासून उपलब्ध आहे. मग लोक लावत का नाहीत? लावतात, एकदा. टीव्ही इंटिरियरवाल्याच्या सल्ल्याने भिंतीला असा चिकटवलेला असतो की मागची खाच डोळ्यांना दिसत नाही, ती बोटांनी चाचपून ओळखावी लागते. वायर दीड मीटरची, त्यामुळे लॅपटॉप टीव्हीखाली जमिनीवर. थांबवायचं असेल तर कुणीतरी उठून दंडवत घातल्यासारखं वाकायचं. वायर लांब घेतली तर ती हॉलच्या मधोमध ताणली जाते आणि घरातल्या आजी ओलांडून जाताना सर्वांचा श्वास अडकतो. शिवाय वायरीने संगणकाचा अख्खा पडदाच टीव्हीवर जातो. मुंजीत मुलाच्या कानात गायत्री मंत्र सांगितला जात असताना वरच्या कोपऱ्यात ऑफिसच्या ग्रुपवर साहेबांविषयी आलेला मजकूर 43 इंचांवर झळकतो आणि आत्या तो मोठ्याने वाचतात. तार काही विचारत नाही म्हटलं ते एवढ्यासाठीच. ती काही लपवतही नाही. म्हणजे हॉलपुरता तारेचा पराभव झालेला आहे, पण तो कर्तृत्वात झालेला नाही. शोभेत झाला आहे. दुसरा समंजस माणूस पेनड्राइव्ह सुचवील. पेनड्राइव्ह म्हणजे तारेच्या जागी चालणारा माणूसच, हे त्याच्या लक्षात आलेलं नसतं. त्यातून बऱ्याच टीव्हींना पचणारी जुनी फॅट32 ही मांडणी एका फाइलला 4,29,49,67,295 बाइट्सच्या वर जागा देत नाही. पाच जीबीची मुंज त्यात मावायची तर सोडमुंज आधी कापावी लागेल.

खरा आक्षेप तिसरा आहे. इतक्या अडचणी असत्या तर ओटीटीवर एक बटण दाबून सिनेमा कसा लागला असता? आणि डोंबिवलीच्या आजोबांना सिॲटलचा नातू रोज व्हिडिओ कॉलवर कसा दिसला असता? या प्रश्नात दम आहे, कारण अनेक घरांत उपाय याच मार्गाने शोधला जातो. आजोबा फोनचा कॅमेरा टीव्हीवर रोखून धरतात, आणि नातू तिकडे सकाळचा चहा घेत सांगतो, “आजोबा, डावीकडे तीन रेषा दिसतायत ना, त्या दाबा. डावीकडे. तुमच्या डावीकडे.” म्हणजे डोंबिवलीतल्या टीव्हीचं हलतं चित्र महासागर ओलांडून सिॲटलला जातं, मात्र बारा फुटांवरच्या बेडरूममधली फिल्म त्याच टीव्हीवर येत नाही. हे विसंगत वाटलं तरी आमच्या नियमात चपखल बसतं. सिॲटल आणि डोंबिवली यांच्यामध्ये कुणीतरी बसलेलं आहे. दोन्ही फोन एका कंपनीच्या यंत्राकडे हजेरी लावतात, ते दोघांची गाठ घालून देतं, आणि त्या यंत्रामागे रात्रपाळी करणारे इंजिनियर आहेत. ओटीटीवाले एकाच सिनेमाच्या वेगवेगळ्या दर्जाच्या अनेक प्रती आधीच शिजवून ठेवतात, म्हणजे ज्या टीव्हीला जे पचेल ते वाढता येतं. माणूस तिथेही आहेच. तो पगारी आहे आणि आपल्याला दिसत नाही, एवढंच. घरातल्या बारा फुटांवर असा पगारी कुणी नसतो. तिथे जावई असतो. बरं, ओटीटीवर सगळं मिळतं म्हणावं तर 1994 सालची कुणाची मुंज तिथे कशी मिळणार? आणि मिळू लागली तर चौथ्या दिवशी ‘तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही’ अशी पाटी लागायची.

राहता राहिला जाणकारांचा आक्षेप: नीट एकदाच बसवा, जुना संगणक कायम चालू ठेवा, त्यावर प्लेक्स किंवा जेलीफिनसारखा सर्व्हर घाला, राउटरपासून टीव्हीपर्यंत वायर ओढा, मग पाहा काही त्रास होतो का. होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण या वाक्यातली वायर पाहा, आणि ‘बसवा’ या क्रियापदाचा कर्ता शोधा. तो घरचा ऑपरेटर आता हंगामी राहिला नाही, कायम झाला. राउटर बदलला की तो, वीज गेली की तो, फिल्मच्या नावात स्पेलिंग चुकल्यामुळे सर्व्हरने मुंजीला भलत्याच कोरियन सिनेमाचं पोस्टर लावलं की तो. मात्र त्याची दया करण्यात अर्थ नाही. त्याला फिल्म पाहायचीच नसते. या विद्येच्या मुळाशीही तेच आहे. ट्रॅफिकच्या शंकूचं चित्र मिरवणारा व्हीएलसी हा प्लेअर पॅरिसजवळच्या एकोल सांत्राल या संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी 1996 च्या सुमारास सुरू केलेल्या प्रकल्पातून आला. वसतिगृहात प्रत्येकाने आपापली डिश बसवण्याऐवजी एकाच डिशवरून सर्वांच्या संगणकांवर उपग्रह टीव्ही पोचवायचा ही योजना. पण पोरांना खरं हवं होतं ते खेळ खेळायला वेगवान नेटवर्क, आणि टीव्ही हे त्यासाठी देणगीदाराला पटेल असं निमित्त. शंकूही रस्त्यावरून गोळा करून आणलेले. तेव्हा आपल्या घरातला गडी तासभर झटून चित्र आणतो, आवाज आणतो, वेलांट्या जागेवर बसवतो आणि मुंजीतल्या मंगलाष्टकांना पाय ओढत आत निघून जातो, यात नवल काय? त्याचा सिनेमा मघाशीच संपलेला असतो.

मागे सोफ्यावर आत्या, तिघंचौघं जण आणि सुरळीत चाललेली फिल्म. 1994 सालच्या पंगतीत दिसणारे अर्धे चेहरे कुणाचे हे ठरवताना दोन तास जातात, मठ्ठ्याची कढई कुणाकडून आणली होती यावर मतभेद होतात. मग झोपायच्या आधी कुणीतरी सहज लॅपटॉपचं झाकण मिटतं. यंत्रांच्या त्या दवंडीच्या नियमांत निरोपाचीही सोय आहे. नेटवर्क सोडताना प्रत्येकाने ‘बायबाय’ असा संदेश पाठवावा, हाच शब्द नियमात आहे. झाकण धाडकन मिटलेल्या लॅपटॉपला तेवढी सवड मिळत नाही, त्यामुळे टीव्हीला तो गेल्याचं कळत नाही. पूर्वीच्या दवंडीची मुदत नियमाप्रमाणे किमान 1800 सेकंद, म्हणून त्याचं नाव टीव्हीच्या यादीत तसंच राहतं. आत्याही मघाशीच “येते हं” म्हणून उठलेल्या असतात. एक पाय चपलेत, एक हात राउटरच्या रॅकवर, आणि त्या मठ्ठ्याच्या कढईचा विषय दारात नव्याने निघालेला असतो.